नोकरीचा उपास

रेवती हुदलीकरने सकाळपासून चहाला तोंड लावलं नव्हतं. नाशिकच्या ‘गोदाछाया’ सोसायटीत याला ‘नोकरीचा उपास’ म्हणत. घरातल्या कुणी नोकरीला अर्ज केला, की पडताळणी उरकेपर्यंत त्या घरी मुगाचं वरण, दुधी आणि ताक. शेजारीण डिंकाचे लाडू घेऊन आली तरी आधी दारातच विचारायची, “सुटला ना गं उपास?” देवाच्या उपासाला निदान साबुदाण्याची खिचडी तरी असते. या उपासाला तीही चालत नसे, कारण हा देव थेट संडासाच्या पाइपात बसलेला होता.

त्याचं नाव मलवेधक. प्रत्येक फ्लॅटच्या पाइपात लिंबाएवढी डबी. मागे साथ आली तेव्हा रोगजंतूंचा सुगावा लवकर लागावा म्हणून ती बसवली होती. साथ गेली, डब्या राहिल्या. मग पडताळणी कंपन्यांनी सोसायट्यांना गाठलं. मोजमापं आम्हाला द्या, देखभाल खर्चात सूट घ्या. सर्वसाधारण सभेत ठराव एकमताने मंजूर झाला आणि सगळ्यांनी बटाटेवडे खाल्ले.

पूर्वी मालक पदवी खरी आहे का, आधीची नोकरी का सुटली, पोलिसांत नाव आहे का, एवढंच बघत. आता माणसाच्या पोटातून खाली काय पडतं, तेही बघू लागले. दारू, साखर, झोपेच्या गोळ्या, नुकते राहिलेले दिवस, सगळं त्या घाणीतून हुंगून काढायचं. आणि त्या अहवालाला नाव काय, तर ‘जैवचारित्र्य’!

रेवतीला या सगळ्याची मनस्वी किळस होती. पण तिची बियाणं तपासणीची प्रयोगशाळा बंद पडून वर्ष उलटलं होतं. आता अर्ज केलेली ही नोकरी हुकली तर घर विकून भावाच्या दारात जायचं. नाक दाबलं की तोंड उघडतं. तिनेही संमतीवर अंगठा उमटवला.

पडताळणी अधिकारी निमकर यांचा फोन आला तेव्हा स्वयंपाकघरात शेवंताबाई पोळ्या लाटत होत्या.

“मॅडम, पदवी, जुने साहेब, पोलीस, सगळं उत्तम. फक्त तुमच्या संडासाच्या लाइनला क्षयाच्या औषधांचे अवशेष दिसताहेत. लघवीतून उतरतात ते.”

“मला क्षय नाही. माझं रक्त तपासा.”

“तपासलंय. ते अवशेष तुमचे नाहीतच. घरात आणखी कोण असतं?”

“मी एकटीच राहते.”

“रोज सकाळीच येतं, मॅडम. रविवारी मात्र येत नाही.”

रविवारी शेवंताबाईंची सुट्टी असायची.

कामवाल्या बायकांनी घरातला संडास वापरायचा नाही, हा गोदाछायेतला अलिखित नियम. त्यांच्यासाठी पार्किंगमध्ये एक बांधलेला होता, पण त्याला बारमाही कुलूप. आपला संडास वापरू देणारी रेवती एकटीच, आणि तिला त्याचा अभिमानही होता. भिशीत ती हे दोनदा तरी ऐकवायची.

“नावाची सक्ती नाही,” निमकर गोड आवाजात म्हणाले. “सांगितलंत तर बाकीच्या घरांनाही सावध करता येईल. नाहीतर नुसती आठवडाभर लाइन स्वच्छ ठेवा. नेमणुकीचं पत्र तुमच्या हातात. सगळे हेच करतात हो.”

काहीतरी नासकं चावल्यासारखं तिचं तोंड झालं. या माणसाला चांगलं खडसवायचं, असं ठरवून तिने तोंड उघडलं आणि म्हणाली, “आठवडाभर थांबा.”

फोन ठेवल्यावर तिला खरी शिसारी आली. आता ती पाइपातल्या डबीची नव्हती.

स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं होतं.

“माझंच निघालं ना, ताई?” शेवंताबाईंनी विचारलं. “डॉक्टरीण म्हणली, आता दुसऱ्याला लागत नाही, फक्त गोळ्या चुकवू नका आन् पाणी भरपूर प्या. पण सांगितलं असतं, तर कुणी कणकेला हात लावू दिला असता?”

“मी तुमचं नाव घेतलं नाही, शेवंताबाई.”

खरं होतं ते. तरी तिला ते खोटं बोलल्यासारखं लागलं.

“ते ऐकलं मी,” शेवंताबाई म्हणाल्या. “आठवडाभर थांबा म्हणलात, तेबी ऐकलं.”

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्या वेळी आल्या. मे महिना, वर गॅसची धग. ओट्यावर त्यांचा स्टीलचा पेला असायचा. एरवी पोळ्या होईपर्यंत तो दोन-तीनदा रिकामा व्हायचा. आज तो काठोकाठ भरलेलाच राहिला. भांडी घासून झाली, फरशी पुसून झाली. शेवंताबाई पदराने कोरडे ओठ टिपत राहिल्या.

रेवतीचा फोन वाजला. निमकरांचा निरोप होता. “आज लाइन एकदम स्वच्छ! अभिनंदन!” शेजारी एक हसरा पिवळा चेहरा.

तिने फोन पालथा ठेवला. ती उठली, ओट्यावरचा पेला उचलला आणि शेवंताबाईंच्या पुढे धरला.

“प्या ना. डॉक्टरांनी सांगितलंय ना तुम्हाला?”

शेवंताबाईंनी पेल्याकडे पाहिलं. मग संडासाच्या दाराकडे पाहिलं. त्याला कुलूप नव्हतं, नुसती कडी होती, आणि ती लावा असं कुणी सांगितलंही नव्हतं.

“पिते की, ताई,” त्या म्हणाल्या. “पण मंग जाऊ कुठं?”