दुसऱ्या ड्रायव्हरची झोप

चहा घ्या, पण ती लॉगबुकं जरा बाजूला ठेवा. मघापासून ऐकतोय मी, "चार तास विश्रांती लिहून टाक, कोण बघतंय" वगैरे. टाका बापडे, तुमचा हात धरणारा मी कोण? पण आधी दाजीचं ऐका. हे कुठलं ऐकीव नाही. दाजीने आणि मी एकाच डेपोत वर्षानुवर्षं गाड्या चालवल्या, आणि हे त्याने स्वतःच्या तोंडाने मला सांगितलं.

दाजी हे काही त्याचं नाव नव्हे. त्याच्या बायकोचा धाकटा भाऊही आमच्याकडेच ड्रायव्हर होता. तो दाजी म्हणायचा, मग सगळा डेपोच म्हणायला लागला. या मेहुण्याला व्यसन एकच, झोप. फोनवर बोलता बोलता घोरायला लागायचा. दाजीची बायको सांगायची, लहानपणी ह्याला आंघोळ घालायला दोघं लागायची, एक घासायला आणि एक जागं ठेवायला.

अशा माणसाला एकदा सलग दोन रात्री पिटाळलं. लॉगबुकात मात्र व्यवस्थित आठ तास झोप लिहिली, मॅनेजरने सांगितली तशी. दुसऱ्या पहाटे रस्ता वळला, गाडी वळली नाही. चौकशी झाली. कागदावर झोप पुरी झालेली, मग चूक कोणाची? मेलेल्याची. दाजीच्या बायकोने तो अहवाल वाचला आणि एवढंच म्हणाली, "झोपला कुठे हो माझा भाऊ?"

त्यानंतर सात-आठ महिन्यांनी, डिसेंबरच्या सतरा तारखेला, गुरुवारी संध्याकाळी मॅनेजरने दाजीला बोलावलं. फरश्या भरलेली गाडी सकाळी सातच्या आत पोचवायची होती. नियम तुम्हाला ठाऊकच आहे. एका ड्रायव्हरचे तास भरले की गाडी उभी. दोघं असले तर आलटून पालटून रात्रभर चालते. त्या दिवशी दुसरं कोणीच मोकळं नव्हतं. मॅनेजरने ड्रॉवर उघडला आणि मेहुण्याचं लायसन टेबलावर ठेवलं. डेपोत जमा होतं, परत करायचं राहून गेलं होतं.

"नाव ह्याचं टाका. विचारलं तर मागे झोपलाय म्हणा. झोपलेल्या ड्रायव्हरला कोणी उठवत नाही."

दाजी आधी नाही म्हणाला. मग मॅनेजरने त्याचं वय काढलं, चष्म्याचा नंबर काढला, आणि या वयात दुसरीकडे कोण ठेवील तेही विचारलं. दाजीने मान खाली घातली आणि लिहून टाकलं. रात्री एकपर्यंत स्वतः, पुढे सहापर्यंत मेहुणा. आणि बरं का, बाथरूमच्या फरश्या. सकाळपर्यंत काय नासणार होत्या?

गाडी निघाली. रस्ता मोकळा, थंडी कडाक्याची. दाजीने पांघरूण मांडीवर ओढून घेतलं आणि हीटर लावला. बायकोचा फोन आला, सोबत कोण आहे म्हणून. आहे एक जण, असं सांगून त्याने फोन ठेवला आणि स्वतःलाच शिव्या घातल्या.

साडेअकराच्या सुमारास तपासणी नाका लागला. तपासनीस तरुण, शांत. त्याने लॉगबुक नीट वाचलं आणि दुसरा कुठे आहे म्हणून विचारलं. मागे झोपलाय, दाजी म्हणाला. तपासनीस पायरीवर चढला. त्याच्या टॉर्चचा उजेड सीटमागच्या झोपायच्या बर्थच्या पडद्यावर गेला. बर्थ रिकामी दिसणार, लायसन जाणार, घरी काय तोंड दाखवायचं... तपासनिसाने बोटाने पडदा जरासा सारला, आत पाहिलं आणि टॉर्च पटकन खाली घेतला.

"झोपू द्या," तो आवाज बारीक करून म्हणाला. "फार दमलेला दिसतोय."

दाजी सुटलो म्हणून निघाला. आत पांघरुणाचा ढीग दिसला असेल, माणसाला अंधारात काहीही वाटतं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. दोन-तीन किलोमीटर गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. पांघरूण तर त्याच्या मांडीवर होतं.

त्याने हीटर बंद केला. ऐकलं.

इंजिनाचा आवाज. त्याच्याखाली... घोरणं.

ओळखीचं घोरणं. शेवटाला बारीक शीळ. घरी कितीदा त्यावरून हसले होते सगळे.

दाजीने मागे पाहिलं नाही. आतला आरसा वर फिरवून टाकला. थांबावं तर पुढेमागे एक गाडी नाही, एक दिवा नाही. तो चालवत राहिला. घोरणं चालू होतं. तास गेला. आणखी थोडा वेळ गेला.

एक वाजला.

घोरणं थांबलं.

बर्थची फळी करकरली. कोणीतरी उठून बसत होतं. सावकाश. झोप अर्धी टाकून माणूस उठतो तसं.

पडद्याच्या कड्या सरकल्या.

"दाजी..."

दाजीने स्टिअरिंग घट्ट धरलं, नजर रस्त्यावरच ठेवली.

"माझी पाळी लावली का हो?"

...

"सरका मग."

मानेला गार श्वास लागला. मग जांभई. लांबच लांब. संपेचना ती.

"डोळे उघडत नाहीत, दाजी. पण लिहिलंय ना... चालवायलाच हवं."

आणि स्टिअरिंग दाजीच्या हातात हळूहळू एका बाजूला जायला लागलं. दाजीने जोर लावला. पलीकडचा जोर तेवढाच. रागाचा नव्हता तो. पेंगणाऱ्या माणसाचा हात जड होतो, तेवढाच जड.

तिथे दाजीला रडू फुटलं. भीती होतीच, पण तो मला म्हणाला, भीतीपेक्षा लाज मोठी होती. ज्याला जिवंतपणी कोणी झोपू दिलं नाही, त्याला मेल्यावरही आपण कामाला लावलं. स्वतःच्या हाताने.

त्याने कशीबशी गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला. लॉगबुक उघडलं. मेहुण्याच्या नावावर काट मारली. खाली लिहिलं, एकटाच चालवत होतो, गाडीवर दुसरा ड्रायव्हर नाही. सही केली. आणि मागे न बघता मोठ्याने वाचून दाखवलं.

"तुझी पाळी नाही रे. आता कुठेच नाही. झोप तू."

त्याने लॉगबुक मिटलं.

मग पडद्याच्या कड्या पुन्हा वाजल्या. पडदा मिटला.

दाजी खाली उतरला, दोन्ही दारांना कुलूप लावलं आणि पांघरूण गुंडाळून समोरच्या ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसला. तिथूनच मॅनेजरला उठवलं आणि सांगितलं, गाडी उभी आहे, खरं ते लिहिलंय, आता दुपारी पोचेल. नोकरी त्याच फोनवर गेली. पुढे तो कुठल्याशा गोदामात दिवसपाळीला लागला, बायकोला सगळं सांगितलं, तीही पुष्कळ रडली. पण मला सांगायचंय ते त्या पहाटेचं.

दाजी रात्रभर डोळ्याला डोळा न लावता गाडीकडे बघत होता. जवळ कोणी फिरकलं नाही. किल्ली त्याच्या मुठीत होती. उजाडल्यावर तो उठला आणि गाडीला एक फेरी मारली. थंडीत केबिनमध्ये माणूस झोपला की काचा आतून धूसर होतात, हे तुम्हाला काय सांगायचं? रिकाम्या केबिनच्या होत नाहीत. समोरची काच लख्ख होती. दारांच्या काचा लख्ख होत्या. कुलपं जशीच्या तशी.

फक्त मागची, बर्थच्या उशाची ती वीतभर काच... ती आतून पांढरीशुभ्र झाली होती, आणि तिच्यावरून थेंब ओघळत होते.