मागच्या सीटवरची गर्दी

दिवाणखान्यात बॅगा भरून ठेवल्या होत्या. भाची आणि जावई पहाटे निघणार होते. परदेशात भाड्याची गाडी घेऊन, स्वतः चालवत आठवडाभर आरामात फिरायचं होतं. आधी दोन शहरं, मग द्राक्षांचे मळे आणि शेवटी समुद्र. जेवणं उरकली होती. किडे येतात म्हणून मामांनी उठून व्हरांड्यातला दिवा मालवला आणि अंधारात खुर्ची ओढून बसले.

"मळ्यांतून समुद्राकडे कुठल्या रस्त्यानं उतरणार?"

"जुन्या रस्त्यानं," जावई म्हणाला. "हायवेपेक्षा सुंदर आहे म्हणतात."

मामांनी मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "रात्री नाही ना उतरणार?"

"झालं सुरू!" भाचीनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "मामांच्या प्रत्येक रस्त्यावर एक भूत उभं असतं."

"एक असतं तर मी काही बोललोही नसतो," मामा म्हणाले. "आमच्या डेपोतल्या ब्रेकदादाची गोष्ट आहे. त्यानं मला स्वतः सांगितली, एकदाच. ऐकायची तर ऐका, नाहीतर जाऊन झोपा."

झोपायला कुणीच गेलं नाही.

मामा ज्या बस डेपोत मेकॅनिक होते, तिथं ब्रेकदादा ड्रायव्हर होता. हे नाव त्याला सगळ्या डेपोनं दिलं होतं, कारण रस्त्यात कुणाचा हात वर झालेला दिसला की याचा पाय ब्रेकवर गेलाच. थांबा असो वा नसो. पिशव्या सावरत धावणारी म्हातारी लांब आरशात दिसली तरी हा बस उभी करून वाट बघायचा. इन्स्पेक्टर कावायचे, "अरे, बस चालवतोस की धर्मशाळा?" हा शांतपणे म्हणायचा, "हात केलेल्या माणसाला मागं टाकून आलो, की घरी घास उतरत नाही साहेब."

त्याची बायको, जिला मामा वहिनी म्हणत, तोंडानं फटकळ आणि मनानं लोणी. तिचं दुखणं एकच होतं. "सगळ्या जगाला फिरवलंत," ती म्हणायची, "मला कुठं नेलंत? सुट्टी आली की तुम्हाला जादा गाडी."

निवृत्तीचा हार सुकायच्या आत तिनं फर्मान काढलं. तिकडे, मळ्यांच्या त्याच मुलखात जायचं आणि भाड्यानं गाडी घ्यायची. घाई नाही, वेळापत्रक नाही. मन रमेल तिथं राहायचं. "आणि गाडीत आपण दोघंच. वाटेत कुणाला घेतलंत तर मी तिथल्या तिथं उतरेन. आधी शब्द द्या."

ब्रेकदादानं शब्द दिला.

सहल झकास सुरू झाली. जन्मभर बस फिरवलेला माणूस हॉटेलच्या तळघरात एवढीशी गाडी लावताना घामाघूम झाला, आणि वहिनी बाहेर उभी राहून "येऊ द्या, येऊ द्या" करत हसून बेजार. शहरात दोघं पाय दुखेपर्यंत चालली. मग मळ्यांचा मुलुख लागला. टेकड्यांच्या उतारावर द्राक्षांच्या रांगाच रांगा, पानं पिवळी पडू लागलेली. एका तळघरात वाईन चाखायला दिली, तेव्हा वहिनीनं कडू औषध प्याल्यासारखं तोंड केलं आणि वर सहा बाटल्यांचं खोकं विकत घेतलं. बाटल्या दिसायला सुंदर होत्या म्हणे. मागची डिकी सामानानं भरलेली. मग खोकं पुढच्या सीटवर बसलं, त्याला पट्टा बांधला, आणि वहिनी मागं गेली.

"बाटल्यांना पुढची जागा आणि बायकोला मागची," ब्रेकदादा म्हणाला.

"बाटल्या टोमणे मारत नाहीत. तुम्हालाच बरं."

त्या रात्री मळ्यांमधल्या एका घरगुती लॉजमध्ये मुक्काम होता. ऑक्टोबरमधला शनिवार. वहिनीला दम्याचा जुना त्रास. झोपण्याआधी पंप तोंडाला लावला तर नुसतीच फुस्स हवा. औषध संपलं होतं. लॉजवाल्या बाईंनी सांगितलं की खाली बंदराच्या गावात एक औषधांचं दुकान रात्रभर उघडं असतं. जुन्या रस्त्यानं पाऊण तास. काही घाबरण्यासारखं नव्हतं. श्वास ठीक होता, पण रात्र मोठी होती. वहिनी म्हणाली, "मीही येते. एकटी इथं काय भिंती बघू? बंदरावरचे दिवे तरी बघीन."

दहा वाजून गेले होते. दोघं निघाली.

रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना वेली. लांब मळ्यांत दिवे हलताना दिसत होते. गार हवेत फळ चांगलं राहतं, म्हणून तिकडे रात्री द्राक्षं काढतात. माणसांच्या कपाळावर दिवे असतात. अंधारात माणूस दिसत नाही, नुसती दिव्यांची रांग सरकताना दिसते. ब्रेकदादाला ते बघून बरं वाटलं. आपल्यासारखीच रात्रपाळी करणारी माणसं. वहिनी काचेला डोकं टेकून झोपली होती.

एका वळणावर बसचा थांबा आला. सिमेंटची शेड, आत बाक. आणि माणसं. बरीच माणसं. सुटलेली मजुरांची टोळी असावी. एकाचा हात वर झाला.

पाय ब्रेकवर गेला. बोटानंही दारांच्या कुलपाचं बटण दाबलं. बसमध्ये दार उघडायचं बटण त्याच जागी असायचं. खट्. चारही दारं खुली झाली. तेव्हा कुठं तो भानावर आला. दिलेला शब्द आठवला. ओशाळून त्यानं काच खाली केली, "माफ करा हं, खाजगी गाडी आहे..."

शेड रिकामी होती.

बाक होता. भिंत होती. माणूस नव्हता. काचेतून गार हवा आत आली, इतकंच. ब्रेकदादा स्वतःशीच हसला. म्हातारा झालास, बाबा.

आणि मागून आवाज आला. पत्र्यावर थाप. ठक ठक.

"घंटी बिघडली की आमचे कंडक्टर असंच करायचे," मामा म्हणाले. "एक थाप, थांब. दोन थापा, चल."

दोन थापा ऐकल्या आणि ब्रेकदादानं गिअर टाकला. विचार केलाच नाही. गाडी बरीच पुढं गेल्यावर विचार आला. थाप कुणी मारली?

"अगं?"

वहिनी झोपेत होती.

पुढच्या वळणावर त्याला दुसरी गोष्ट कळली. गाडी जड झाली होती. भरलेली गाडी वळणावर कशी झुकते, ते ड्रायव्हरच्या हातांना कळतं. त्याला सांगावं लागत नाही. त्यानं आरसा खाली केला.

मागची सीट मोकळी होती. वहिनी मात्र एका टोकाला होती. अगदी टोकाला. पाय जवळ घेतलेले. पर्स मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली. खांदा दाराला चिकटलेला. गर्दीच्या बसमध्ये बाई जशी बसते, तशी.

"मामा, दिवा लावू का?" भाची म्हणाली.

"लाव हवा तर. गोष्ट तीच राहील."

दिवा कुणी लावला नाही.

दुसरा थांबा आला. हात वर झाला. ब्रेकदादानं दात आवळले. थांबायचं नाही. शब्द दिलाय, थांबायचं नाही. पण पाय ऐकेना. इतक्या वर्षांचा पाय. एका हातानं त्यानं स्वतःचाच गुडघा उचलायचा प्रयत्न केला. गाडी थांबली. कुणी दिसलं नाही. स्प्रिंगा मात्र दबल्या. मग पुन्हा दबल्या. पुन्हा.

ठक ठक.

आरशात वहिनीचा गाल काचेवर चपटा झाला होता. डोळे मिटलेले. श्वासाला शिट्टी लागली होती. झोपेतच ती बोलली. फार अदबीनं.

"बसा... बसा ना... मी सरकते."

"अगं, ऊठ! सरकू नकोस! ऐकतेस का... सरकू नकोस!"

त्यानं गाडी उभी केली. बाहेर उडी मारली. मागचं दार ओढलं. कुलूप नव्हतं, तरी हलेना. आतून वजन होतं. मागच्या सगळ्या काचा धुरकटल्या होत्या. त्यानं बाहीनं पुसल्या. धुकं बाहेर नव्हतंच. आत होतं. पुष्कळ श्वासांचं.

समोर मळा होता. मळ्यात दिव्यांची रांग. ब्रेकदादा जिवाच्या आकांतानं ओरडला, "अहो! कुणी आहे का! या हो... मदत करा!" आणि दोन्ही हात वर करून हलवले.

दिवे थांबले.

मग वळले. सगळे एकदम, त्याच्याकडे.

आणि वेलींमधून रस्त्याकडे यायला लागले. घाईघाईनं. गाडी चुकेल म्हणून यावं, तसे.

तो आत शिरला. गाडी सुटली. गाडी कसली, दगड ओढत होता तो. "माझी बायको आहे हो," आरशाकडं न बघता तो बोलू लागला. "दमा आहे तिला. जरा सरका. जरा जागा द्या. तुम्हाला सोडतो मी. कुठं जायचं ते सांगा. सोडतो. पण तिला श्वास घेऊ द्या." बसमध्ये गर्दीला हजारदा सांगितलेलं वाक्य त्याच्या तोंडी रडत रडत आलं, "पुढं सरका... मागं जागा आहे..."

गाडी तेवढीच जड राहिली.

शिट्टी बंद झाली.

ती शांतता वाईट होती. खाली गाव आलं. दिवे आले. औषधाच्या दुकानाची हिरवी पाटी दिसली, उघडं दुकान, काउंटरवर जांभया देणारा माणूस. इथं थांबायचं. यासाठीच आलो. ब्रेकदादाचा पाय ब्रेकवर गेला... आणि त्यानं तो काढून घेतला. त्या रात्री पहिल्यांदाच पायानं त्याचं ऐकलं. इथं थांबून काय होणार? दार उघडणार नव्हतं. वाटेत कुणी उतरणार नव्हतं. गच्च भरलेली गाडी रिकामी होते ती एकाच ठिकाणी.

हिरवी पाटी मागं गेली. तो रडत होता. गाव संपलं. बंदराचा धक्का लागला. धक्क्याच्या टोकाला रस्ता संपला आणि काळं पाणी सुरू झालं.

त्यानं इंजिन बंद केलं. आतला दिवा लावला. आणि कंडक्टरसारखी हाळी दिली.

"शेवटचा थांबा. गाडी पुढं जाणार नाही. सगळ्यांनी उतरून घ्या."

काही नाही.

पाण्याचा आवाज.

मग मागचं पलीकडचं दार उघडलं. गाडी किंचित वर आली. पुन्हा किंचित. पुन्हा. कुणी ढकलाढकली केली नाही. शेवटी गाडी हलकी झाली. त्यानं मान वळवली.

सीट रिकामी होती. वहिनीही नव्हती.

ती धक्क्यावर चालत होती. डोळे मिटलेले, पर्स खांद्याला. रांगेत चालावं तशी, हळूहळू, पाण्याकडं.

ब्रेकदादा धावला. तिचा उजवा हात पकडला आणि ओढला. ती हलेना. तिचा डावा हात खाली, बाजूला, ताठ होता. लहान मुलाचं बोट धरून चालताना असतो ना... तसा. तिकडून कुणीतरी ओढत होतं. जोरात नाही. हट्टानं.

"ती उतारू नाही," ब्रेकदादा म्हणाला. कुणाला, ते त्यालाही दिसत नव्हतं. "ऐका हो. ती ड्रायव्हरच्या घरची आहे. ती माझ्याबरोबर परत जाणार. मी जन्मभर कुणाला मागं टाकलं नाही. हिलाच टाकलं. दर वेळी हिलाच. आज नका... आज नको..."

कितीतरी वेळ काही झालं नाही.

मग डावा हात सैल पडला. वहिनीला खोकल्याची उबळ आली. जीवघेणी, लांब. आणि मग श्वास. फाटलेला, पण श्वास. त्यानं तिला उचललं, गाडीत घातलं, खोकं धक्क्यावर फेकून तिला पुढच्या सीटवर बसवलं. बाटल्या फुटल्या तेही त्याला ऐकू आलं नाही. गाडी वळवून तो हिरव्या पाटीपाशी परत आला. दुकानातल्या माणसानं पंप आणला आणि स्वतःच वहिनीच्या तोंडाला लावला.

बऱ्याच वेळानं ती बोलली.

"किती गर्दी केलीत हो. शब्द मोडलात ना?"

"मोडला," तो म्हणाला.

मामा थांबले. अंधारात खुर्ची करकरली.

"झालं?" जावयानं विचारलं. आवाज त्यानं हसरा ठेवला होता. "दम्याचा झटका आला असणार मामा. आणि माणूस घाबरला की..."

"मीही तेच म्हणालो जावईबापू. अगदी हेच शब्द." मामा थोडं पुढं वाकले. "सकाळी लॉजवर वहिनी केस विंचरायला बसली. डाव्या कानामागं बोटाला काहीतरी लागलं. एक वेणी. बारीक, करंगळीपेक्षाही बारीक. लहान पोरीनं कुणाच्या तरी शेजारी बसल्या बसल्या चाळा म्हणून घालावी, तशी. घट्ट. फणीनं सुटेना, सुईनं सुटेना. ब्रेकदादानं कात्री आणली, तर वहिनीनं त्याचा हात धरला. का, ते तिलाही सांगता आलं नाही."

"मग ती वेणी..." भाची बोलता बोलता थांबली.

"केस वाढतात ना गं? एकदा घातलेली वेणी हळूहळू खाली सरकायला हवी. वर मोकळे केस यायला हवेत." मामा उठले. "गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडं जाऊन आलो. सहलीला आता चार वर्षं झाली. वहिनीनं मान वळवून दाखवली."

ते दारापर्यंत गेले. आत जायच्या आधी थांबले.

"अगदी मुळापासून होती. आणि ताजी."