धुराड्याच्या दोन बाजू

“कोण आहे तिकडे? माझ्या उजेडात येऊ नका!”

तिने त्याला उद्देशून उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. काचेच्या कारखान्यात भट्टीचा धूर धुराड्याकडे नेणाऱ्या जाड नळाला तिने समोरासमोर दोन खिडक्या बसवून घेतल्या होत्या. एकीतून लेझरचा किरण सोडायचा, दुसरीपाशी तो पकडायचा. धुरात विषारी वायू जितका जास्त, तितका किरण वाटेतच गिळला जायचा. उरलेल्या उजेडावरून भट्टी नीट जळतेय की नाही ते कळायचं. नेमका त्या दिवशी तिचा जोडीदार संशोधक रजेवर होता आणि नेम धरायला सोडलेला लाल ठिपका भलत्याच माणसावर जाऊन बसला होता.

“मी शिफ्ट इंजिनिअर,” पलीकडून आवाज आला. “भट्टी माझी आहे, बाई. आणि तुमचा ठिपका माझ्या खिशावर आहे. डाव्या. आता काय करू?”

“हलू नका... नाही, हला! बाजूला व्हा!”

“एकदा काय ते ठरवा.”

तिला हसू आवरेना. मग वॉकीटॉकी घेऊन तोच पलीकडे उभा राहू लागला. पहिले दोन दिवस नाइलाजाने, पुढे शिफ्ट संपल्यावरही. मधे तापलेला नळ, कान बधिर करणारी घरघर, आणि कानाशी त्याचा मिश्कील आवाज.

“केसभर डावीकडे,” ती सांगायची.

“कुणाच्या केसाच्या मापाने? माझे मोजकेच उरलेत.”

काजळीने माखलेली दोघं खाली उतरून जिन्याच्या पायरीवर त्याच्या थर्मासमधला चहा प्यायची. ‘अहो’चं ‘अरे’ कधी झालं, कळलंच नाही. एकदा ठिपका जुळवता जुळवता वॉकीटॉकी खरखरली. मग तो म्हणाला, “एवढं धुराच्या आरपार बघतेस... इकडचं काही दिसत नाही?”

“इकडचं म्हणजे?”

“काही नाही... केसभर डावीकडे.”

तिला दिसत होतं. चांगलं लख्ख दिसत होतं. पण तिने मान खाली घालून स्क्रू फिरवला. गाल मात्र तापले, आणि ते काही भट्टीमुळे नाही.

वर्षभराने त्याने सरळच विचारलं. ती ‘हो’ म्हणाली. ठरलं असं की त्याने आईला घेऊन तिच्या प्रयोगशाळेत यायचं, आणि तिघांनी मिळून जेवायला जायचं.

नेमकी त्याच सकाळी प्रयोगशाळेतली तिच्या प्रयोगाची ज्योत शहाण्यासारखी स्थिर जळू लागली. आठ महिने जो आकडा हुलकावणी देत होता, तो पडद्यावर स्वच्छ उमटायला लागला. दाराबाहेर लाल दिवा लागलेला होता. लेझर चालू असताना कुणी आत यायचं नाही, हा नियम. फोनवर ती म्हणाली, “दहा मिनिटं... फक्त दहा!”

ती बाहेर आली तेव्हा तीन तास उलटले होते. बाकावर तो एकटाच बसला होता.

“आई?”

“गेली. तिचे पाय भरून आले.”

“मी आत्ता जाते, माफी मागते...”

“ती रागावली नाहीये. मीही नाही.” तो उठला. “पण हा दिवा विझायची वाट बघत जन्मभर बाहेर बसायचं... मला नाही जमायचं गं.”

तेव्हा तिने त्याचा हात धरायला हवा होता. ती म्हणाली, “पुढच्या महिन्यात काम संपतंय. मग निवांत बोलू.”

काम कुठलं संपायला! एकातून दुसरं निघत गेलं. शोधनिबंध छापून आले, परदेशी बोलावणी आली, तिच्या यंत्राला बक्षीस मिळालं. त्याने कारखाना बदलला. लग्न केलं, हेही तिला कुणाकडून तरी कळलं.

अकरा वर्षांनी एका नव्या कारखान्यात ती तिचं यंत्र बसवायला गेली, तर व्यवस्थापकाच्या खुर्चीत तो! केस आता खरंच मोजकेच होते.

“बाई, या,” तो हसला. मग दोघं नळापाशी गेली. तिच्या हाताखालच्या मुलींनी तासाभरात यंत्र चालू केलं. कुणाला पलीकडे उभं राहावं लागलं नाही. किरण आता आपोआप जुळायचा.

“आई बऱ्या आहेत?” तिने विचारलं.

“दोन वर्षं झाली जाऊन.” तो आकड्यांकडे बघत राहिला. “त्या दिवशी काय मोजत होतीस गं?”

“ज्योतीतला वायू.”

“मिळाला आकडा?”

“मिळाला.” ती पडद्यावरून नजर काढून त्याच्याकडे वळली. “दुसऱ्या दिवशी पुन्हा ज्योत लावली... तोच आकडा आला. अगदी तोच. त्या दिवशी मोजणी तिथेच थांबवली असती तरी चाललं असतं रे. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. मला... मला तू हवा होतास.”

त्याने यंत्राच्या झाकणावरची काजळी बोटाने पुसली.

“त्या दिवशी आई लगेच घरी नव्हती गेली. मला नंतर कळलं,” मग तो हळूच म्हणाला. “तुझ्या प्रयोगशाळेच्या फाटकाशी अर्धा तास उभी होती. रिक्षावाल्याला म्हणत होती, थांब जरा, सूनबाई येतील आता.”