तिसरा संच

लिफ्ट बंद होती, आणि जिन्याच्या वळणावर एक उंच तरुण भलंमोठं खोकं मांडीवर घेऊन धापा टाकत बसला होता.

"बाई गं! काय भरलंय यात?" जिना चढून आलेल्या तिने विचारलं.

"पाच वर्षांच्या मुलीचा अभ्यासक्रम. तिसऱ्या मजल्यावरच्या कुणा मावशींनी मागवलाय."

"ती मावशी मीच."

तो कानापर्यंत लाल झाला. तिने हसू दाबून खोक्याची दुसरी बाजू धरली.

भाचीला दमा होता. वर्षभर घरीच शिकवा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं, आणि तिचे आईबाबा कामासाठी परदेशी, म्हणून ती मावशीकडे. मावशी घरबसल्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. शिकवण्याचा तिला गंधही नव्हता. अभ्यासाचे संच पुरवणाऱ्या कंपनीचा नियम मात्र सोपा होता. संच आठवडाभर वापरून बघायचा. नाही पटला, तर हाच माणूस तो परत नेणार आणि दुसरा आणणार.

खोक्यातून तक्ते निघाले, वेळापत्रकं निघाली, उशीएवढी मार्गदर्शिका निघाली. तो समजावून सांगू लागला, तेवढ्यात भाचीने विचारलं, "मुंग्या झोपतात का?"

"मला नाही गं माहीत. चल, बघू या."

आणि इस्त्रीच्या शर्टासकट तो बाल्कनीत पालथा पडला! लहान मुलीला इतक्या सरळपणे 'माहीत नाही' म्हणणारा मोठा माणूस मावशीने पाहिलाच नव्हता. त्या क्षणी तो तिला आवडला. अगदी मनापासून.

आठवड्याने संच परत करताना मावशी म्हणाली, "चित्रातली गाय फार रागीट दिसते."

दुसऱ्या संचाला तिने नाक मुरडलं, ते कागदाच्या वासावरून. त्याने मान डोलावली, मुंग्यांची चौकशी केली आणि खोकं उचललं.

तिसऱ्या वेळी त्याच्या हातात दोनच पातळ पुस्तकं होती, एक वाचनाचं, एक आकड्यांचं. "बाकीचा वेळ तिला खेळू द्या," तो म्हणाला. आठवडा संपायच्या आत भाचीने बोट ठेवून "क…म…ळ… कमळ!" वाचलं आणि घरभर नाचली.

मावशीने दोन्ही पुस्तकं पुन्हा चाळली. या पुस्तकांना नावं ठेवली, तर पोरीचं नुकसान. ठेवून घेतली, तर तो पुन्हा कशाला येईल?

तो आला. तिने दारातच सांगून टाकलं.

"ही आम्ही ठेवतोय. फार छान आहेत. पण… तुमचं येणं बंद होणार, याचं मला खूप वाईट वाटतंय."

उचलायला खोकं नव्हतं, त्यामुळे हात कुठे ठेवावेत हेही त्याला कळेना.

"खरं सांगू? हा संच पहिल्याच दिवशी माझ्या गाडीत होता," तो हळूच म्हणाला. "तुमच्यासाठी हाच योग्य, हे मुंग्या बघतानाच कळलं होतं. पण मग… मी पुन्हा कसा आलो असतो?"

"लबाड!" ती म्हणाली, आणि दारातून बाजूला झाली. "आत या आधी."