चढाला उतरणारी

माझा नातू हर्षद याने रेसची सायकल आणली, तेव्हा मी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "बाकीची कधी येणार?"

"कसली बाकीची?"

"अरे, कॅरिअर नाय, स्टँड नाय, मडगार्ड नाय. दुकानदाराने अर्धीच दिली तुला."

"आबा, हिला कॅरिअर लावला तर लोक हसतील."

हसोत. मी जन्मभर कॅरिअरला पापडांचे डबे बांधून पेणहून रोह्यापर्यंत विकत गेलो. रिकाम्या कॅरिअरवर परतताना कोणाकोणाला बसवून आणलं, त्याच्या गोष्टी आमच्या पेणच्या रामवाडीत अजून चालतात. त्यातली बिबट्याची मीच सोडलेली आहे. बिबट्या कोलाडच्या अलीकडे बसला आणि बाजाराशी उतरला, एवढंच मी म्हटलं होतं. शेपटी चाकात जाऊ नये म्हणून ती हातात धरून बसला होता, हे लोकांनी जोडलं. तेव्हा माझ्या शब्दाला पेणमध्ये काय भाव आहे, हे मला ठाऊक आहे. पुढचं मात्र जसं झालं तसं लिहितो.

हर्षद डोलवीला कंपनीत ठेकेदाराकडे कामाला. शिफ्ट सुटली की सरावाला नागोठण्यावरून भिसे खिंड चढायचा आणि पलीकडे रोह्याच्या अंगाला उतरायचा. दिवाळीनंतर त्या खिंडीत शर्यत होती. पहिला येईल त्याला पुण्याचा एक क्लब आपल्या टीममध्ये घेणार होता. पोराने त्यावर जीव टाकला होता.

दिवाळी झाली तरी आभाळ उघडत नव्हतं. कापलेलं भात शेतात भिजत पडलेलं, त्याचा आंबूस वास रस्त्यापर्यंत येई. भर दुपारी तिन्हीसांज झाल्यासारखं वाटे. अशाच एका दिवशी हर्षद घरी आला तो खुशीत.

"आबा, आज खिंड कधी संपली कळलंच नाय. मागून कोणीतरी ढकलतंय असं वाटत होतं." मनगटावरचं घड्याळ त्याने माझ्या नाकाशी धरलं. त्यातलं मला काही कळत नाही, पण त्याचे डोळे चमकत होते.

पुढचा आठवडाभर तो रोज असाच आला. फक्त मागचं चाक कुरकुरायला लागलं. ट्यूब गेली, स्पोक तुटले, ब्रेकचं रबर झिजून पत्रा दिसायला लागला. सगळं मागचंच. पुढचं चाक नव्यासारखं.

"चढाला हलकी लागते, आणि उताराला जड. उलटंच हाय सगळं," तो म्हणाला.

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मला ते उलटं वाटलं नाही. आमच्या वेळी डबलसीट बसणाऱ्याची एक रीत होती. चढ लागला की न सांगता उतरायचं आणि मागून ढकलायचं. माथा आला की टुणकन उडी मारून पुन्हा बसायचं. चढ चालवणाऱ्याचा एकट्याचा नसतो आणि उतारही नसतो. ही रीत आता कोणाला माहीत नाही. जुन्या माणसांना आहे.

"खिंडीच्या तोंडाशी कोणाशी काय बोललास?" मी विचारलं.

"कोणाशी नाय. हां, एक म्हातारी बसलेली दगडावर. मी मस्करी केली. म्हटलं, आजी, येतेस काय डबलसीट?"

"मग?"

"काय नाय. उठून उभी राहिली."

"तू थांबलास?"

"आबा, रेसच्या सायकलवर कोण थांबतं?"

दुसऱ्या दिवशी मी त्याचा मित्र सुशील याच्या मोटरसायकलवर बसून खिंडीच्या तोंडाशी गेलो. तिथे धोंडुबाईची चहाची टपरी आहे. मी दगडाकडे बोट दाखवून म्हातारीची चौकशी केली.

"म्हातारी? हितं म्हातारी म्हणशील तर मीच," धोंडुबाई म्हणाली. "आणि मला दगडावर बसायला येळ नाय."

तेवढ्यात हर्षद आला आणि आमच्याकडे न बघता चढाला लागला. आम्ही मागोमाग निघालो. दोन्ही बाजूंना झाडी, झाडीत धुकं, आणि मोटरसायकलच्या फटफटण्याखेरीज दुसरा आवाज नाही. वारा समोरून होता. हर्षदचा टी-शर्ट पाठीवर फडफडत होता. दोन जागा सोडून. कमरेच्या वर, डावीकडे आणि उजवीकडे, तळहाताएवढ्या दोन जागी कापड पाठीला घट्ट चिकटलेलं होतं. पोरगा सीटवर ताठ बसून, पाय नुसते फिरवत, चढून चालला होता.

माथ्यावर त्या दोन जागा सुटल्या. सगळा टी-शर्ट फडफडला. लगेच मागचा टायर भाताचं पोतं ठेवल्यासारखा रस्त्यावर दबला. उतारावर ब्रेक किंचाळत होते आणि रबर जळल्याचा वास आमच्यापर्यंत येत होता.

सुशीलने गाडी कडेला घेतली.

"आबा, टायर बघितलात?"

"बघितला."

"मी काय नाय बघितलं," तो म्हणाला आणि गाडी पेणकडे वळवली.

शर्यतीच्या आदल्या दिवशी हर्षदची ब्रेकची तार उतारावर तुटली. दरीकडच्या बाजूला गेला असता तर परत आला नसता. डोंगराकडच्या बाजूला घासत गेला, म्हणून नुसता सोलवटून घरी आला. त्याची आई, माझी मुलगी अनिता, हळद लावता लावता रडत होती.

"बाबा, तुमी तरी सांगा त्याला. माझं ऐकत नाय."

"माझं कोण ऐकतं गो?" मी म्हटलं. तरी सांगितलं. पोरा, तिला सोड. तिला कुठे जायचंय विचार, तिथे थांब आणि उतर म्हण.

मला वाटलं, हसेल. तो हसला नाही. त्याला सगळं ठाऊक होतं.

"उद्याचा दिवस होऊ दे, आबा. एकदा ढकलू दे तिला."

"रोज जड होत चालली हाय ती. तार आज तुटली. उद्या?"

"उतरताना काय ते बघू."

अनिताने माझ्याकडे पाहिलं. तिला आमच्या बोलण्यातलं काही कळलं नव्हतं. पण हळदीचा हात तिने मुलाच्या खांद्यावरून काढला नाही.

सकाळी मी माझी जुनी सायकल टेम्पोत टाकून खिंडीच्या तोंडाशी गेलो. शर्यत नागोठण्याहून सुटायची होती. रस्त्याला पट्ट्या लावलेल्या, लाउडस्पीकर लांबून बरळत होता. मी दगडापाशी उभा राहिलो. दगड रिकामा होता.

सायकली आल्या. सगळ्यांच्या पुढे हर्षद.

तो जवळ येताच मी मोठ्याने म्हटलं, "आजी, त्या पोराच्या सायकलला कॅरिअर नाय. माझ्या सायकलला हाय. ये. मी सोडतो."

हर्षदने मान वळवली. त्याचा टी-शर्ट सगळीकडून फडफडला.

माझ्या कॅरिअरची स्प्रिंग करकरली.

एकामागून एक सायकली त्याला मागे टाकत गेल्या. तो पाय मारत राहिला, धापा टाकत, मान खाली घालून, इतरांसारखाच. रोह्याला पोचला, पण पार मागून. क्लबवाल्यांनी नावही विचारलं नाही.

रात्री जेवताना एवढंच म्हणाला, "तू घेतलीस तिला."

"व्हय."

"मला विचारायचंस तरी."

त्यानंतर तो माझ्या शेजारी जेवायला बसत नाही. न बसो. पण अजून तीच खिंड उतरतो आणि संध्याकाळी घरी येतो. अंगणात त्याची चाकं वाजली की मी निवांत कूस बदलतो.

तिला घेऊन मी बरीच वणवण केली. ती चढाला उतरते, ढकलते. हात लहान आहेत, आणि ओले. माथ्यावर पुन्हा बसते. प्रत्येक फाट्याला थांबून मी विचारलं, "हीच काय गो तुझी वाट?" डोलवीच्या खाडीपर्यंत गेलो, मिठागरांच्या बांधावर गेलो, कोलाडच्या पुढे गेलो. ती कुठेच उतरली नाही.

मग मला धाप लागायला लागली. मी सायकल अंगणातल्या पेरूला साखळीने बांधली. उभ्या सायकलचं कॅरिअर दबलेलंच असायचं. मी खिडकी लावून घ्यायचो.

आज सकाळी चूळ भरायला बाहेर आलो.

साखळी सुटून पेरूखाली पडली होती. सायकल रस्त्याकडे तोंड करून उभी होती.

तिची सीट पार खाली केलेली होती, आखूड पायांच्या माणसाला पुरेल इतकी.

सीटच्या स्प्रिंगा दबलेल्या होत्या. कॅरिअर मोकळं होतं. त्यावर गोणपाटाची जाड घडी सुंभाने नीट बांधली होती, मागे बसणाऱ्याला टोचू नये म्हणून.