नकारकेंद्र

ताटलीतली भेंडीची भाजी जुईनं संपवली, तशी काचेपलीकडे उभ्या असलेल्या तिच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. सहा वर्षांची जुई आजवर फक्त कोरडा भात आणि खारी खात आली होती.

"ही संमतिपट्टी," नागपूरच्या बालमेंदू संशोधन केंद्राचे संचालक डॉ. टेंभुर्णे जुईच्या कपाळाकडे बोट दाखवत म्हणाले. "कपाळावर बांधायची. मेंदूतल्या ज्या भागात 'नको' उमटतं, ते नकारकेंद्र ती गप्प करते. सुनयनाताई, तुमची थेरपी आता जुनी झाली."

ऑक्युपेशनल थेरपिस्ट सुनयना खोब्रागडे वर्षभर जुईसोबत भेंडीचे ठसे उमटवत, भाज्या हुंगत बसली होती. एवढ्यात कुठे जुई भेंडीला आपणहून बोट लावू लागली होती.

"सर, बुळबुळीत काही लागलं की तिच्या जिभेला ते काट्यासारखं टोचतं. आत्ताही टोचलंच असणार. तुम्ही फक्त तिचं ओरडणं बंद केलंत."

"पुरावा?"

सुनयना जुईजवळ जाऊन बसली. "जुई, तुझे केस कापून टाकू? सगळे?"

केसांना कंगवा लागला तरी किंचाळणारी जुई शांतपणे म्हणाली, "काप."

आई धावत आत आली.

"बालमेंदू अपक्व असतो, एवढंच," टेंभुर्णे चिडून म्हणाले. "मोठ्यांना काहीही होत नाही. हे बघा." जुईची पट्टी काढून त्यांनी स्वतःच्या कपाळाला बांधली.

सुनयनानं क्षणभर वाट पाहिली. "सर, हे प्रयोग आजपासून बंद करूया?"

"करूया," टेंभुर्णे म्हणाले.

खोलीतले सगळे सहायक थिजले. सुनयनानं स्वतःच्या हातानं पट्टी सोडली. भानावर येताच टेंभुर्ण्यांचा चेहरा लाल झाला.

"हा होकार मी मानत नाही! तो माझा नव्हताच!"

"मान्य," सुनयना म्हणाली. "मीही तो धरणार नाही. मग जुईनं खाल्लेली भेंडी तरी तुम्ही कशी धरता?"



एका सहायकानं सवयीनं भेंडीची दुसरी ताटली जुईपुढे धरली. तिनं ताटलीच भिरकावली. "नको!"

"शाब्बास," आई म्हणाली आणि लेकीला कडेवर घेऊन दाराबाहेर पडली.