एक अक्का बाकी शे

लाइट काही आता लवकर येत नाही. शेकोटीत दोन काटक्या टाका अन् जवळ सरकून बसा. तुम्ही पोरं परवा समुद्रावर निघालात, प्रज्ञाची बॅग तर आजच भरून झाली, म्हणून आठवलं. एरवी मी हे सांगत नाही.

ही तोतारामभाऊंची गोष्ट. माझ्या बांधाला त्यांचा बांध. त्यांनी मला एकदाच सांगितली अन् वर म्हणाले, 'देवचंदा, पुन्हा विचारू नको.' मी विचारलं नाही.

त्या साली दिवाळीनंतर भाऊ यावलला गेले होते, ठिबकच्या नळ्यांचे जोड आणायला. नवीन केळी लावलेली, अन् उंदरांनी नळ्या कुरतडल्या होत्या. दुकानाच्या शेजारी एका यात्रा कंपनीचा फलक होता. सौराष्ट्र दर्शन. गिरनार, सोमनाथ, द्वारका, अन् मधला एक दिवस दीव बेट. भाऊ फलकासमोर बराच वेळ उभे राहिले. कारण मंदाबाई, म्हणजे त्यांच्या घरच्या, साठीला आल्या तरी त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. तापीचा पूर, हेच त्यांचं सगळ्यात मोठं पाणी. टीव्हीवर समुद्र दिसला की त्यांच्या हातातलं काम थांबायचं. लेक लग्न होऊन नाशिकला गेलेली. घरात दोघंच.

भाऊ घरी आले, जोडांची पिशवी खुंटीला अडकवली अन् म्हणाले, "समुद्र पाहाचा का?"

मंदाबाई भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बागेले पाणी कोन देईन?"

"देवचंद पाहीन."

तर बाग मी पाहिली, अन् ते दोघं गेले.

बसमध्ये माहिती सांगायला एक पोरगा होता, अभिमन. साक्रीकडच्या एका डोंगरातल्या गावचा. काटकुळा, हसरा, ड्रायव्हरच्या मागे माइक धरून उभा. देऊळ आलं, पूल आला, मिठागर आलं, त्याचं तोंड बंद नसायचं. बाईमाणूस कुणीही असो, त्याच्या तोंडी अक्का. अन् बस सुटायच्या आधी दर वेळी म्हणायचा, "शेजारचा माणूस बघून घ्या. आहे ना? चला मग." मोजत बसायचा नाही. लोक हसत शेजारी बघायचे, नवरे मुद्दाम म्हणायचे, आहे बाबा, आहे.

मंदाबाईंना तो पोरगा फार आवडला. त्याला डब्यातले केळीचे वेफर्स देत होत्या. एकदा त्यांनी विचारलं, "तुले भेव नाही वाटत पान्याचं?" तो म्हणाला, "अक्का, आमच्याकडे पाणी पावसाळ्यातच दिसतं. भीती शिकायला मिळालीच नाही."

दीवचा दिवस म्हणजे तीस डिसेंबर, सोमवार. सोमवती अमावास्या. सकाळी सोमनाथला त्रिवेणीवर सगळ्यांची अंघोळ झाली, अन् दुपारपर्यंत बस पुलावरून बेटावर शिरली. रस्त्याच्या कडेला फांद्या फुटलेले ताड. मंदाबाईंनी तसलं झाड कधी पाहिलं नव्हतं. किल्ला पाहिला, तोफा पाहिल्या. किल्ल्याच्या भिंतीवरून समुद्र दिसला तेव्हा बाकीच्या बायका फोटो काढत होत्या, अन् मंदाबाई नुसत्या उभ्या होत्या. भाऊंनी विचारलं, "कसा शे?" तर त्या म्हणाल्या, "याले पल्याड नाही हो."

सूर्य बुडायच्या वेळी बस एका खडकाळ किनाऱ्याशी थांबली. पंधरा मिनिटं थांबू, पाण्यात कुणी जाऊ नका, असं अभिमनने बजावून सांगितलं. पण मंदाबाईंना पाय भिजवायचे होते. भाऊ त्यांच्या चपला हातात धरून मागे उभे राहिले. पाणी घोट्याला होतं. मग पोटरीला. मग एक लाट आली अन् मंदाबाई उभ्या होत्या तिथे नव्हत्याच.

भाऊंनी हाक मारली की नाही, त्यांना आठवत नाही. त्यांना एवढंच आठवतं की शेजारून कुणीतरी कपड्यांनिशी पाण्यात गेलं. अभिमन. त्याने मंदाबाईंना खांद्याला धरून खडकाकडे रेटलं. भाऊ पालथे पडले अन् त्यांनी दोन्ही हातांनी बायकोचं मनगट पकडलं. पोरगा मागे होता. त्याने हात वर केला. वीतभर अंतर होतं, पोरांनो. वीतभर. भाऊंचा एक हात सुटला असता तर तिथवर पोचला असता.

भाऊंनी हात सोडला नाही.

दुसरी लाट आली. ओसरली. खडक काळा चमकत होता अन् त्यावर कुणी नव्हतं.

होडीवाले आले, पोलीस आले, बॅटऱ्यांचे झोत पाण्यावर फिरले. पोरगा मिळाला नाही. त्या रात्री नाही, नंतरही नाही. कंपनीचा माणूस तिथेच थांबला अन् रात्री नऊच्या सुमाराला ड्रायव्हरने बाकीच्यांना घेऊन बस सोमनाथकडे काढली.

बसमध्ये आधी रडणं होतं. मग तेही थांबलं. दिवे बंद झाले. मंदाबाई खिडकीशी, कोरडं लुगडं नेसून, अंगावर घोंगडी. भाऊंनी त्यांचा हात धरला होता. अन् भाऊ मला म्हणाले, त्या अंधारात त्यांच्या मनात एकच गोष्ट होती. बरं झालं. माझं माणूस राहिलं. दुसऱ्याचं लेकरू गेलं, पण माझं माणूस राहिलं.

तेवढ्यात वरचा स्पीकर खरखरला.

भाऊंना वाटलं, ड्रायव्हरचा हात लागला असेल. परत खरखर. मग आवाज.

"उजव्या हाताला बघा... समुद्र."

अभिमनचा आवाज. तसाच. फक्त हळू.

भाऊंनी उजवीकडे पाहिलं. उसाचं शेत होतं. बस केव्हाच समुद्र सोडून आत आली होती.

"डाव्या हाताला बघा... समुद्र."

कुणी उठलं नाही. कुणी हललं नाही. सगळे झोपलेले. भाऊ उठून पुढे गेले, ड्रायव्हरच्या कानाशी वाकून म्हणाले, "तो माइक बंद करा."

ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. "काका, माइक कुठे आहे? त्याच्या पिशवीबरोबर पोलिसांकडे दिला मी."

हूक रिकामा होता. नुसती वायर लोंबत होती.

भाऊ मागे वळले. तर मंदाबाई दाराशी उभ्या. घोंगडी खाली पडलेली. एक हात दाराच्या कडीवर.

"मंदा."

"तो बोलावते हो," त्या म्हणाल्या. "कवाचा पान्यात उभा आहे बिचारा."

भाऊंनी त्यांना ओढून जागेवर बसवलं. त्यांच्या पदराचं टोक आपल्या मनगटाला बांधलं. सोमनाथ येईपर्यंत स्पीकर गप्प होता. पोचताना, अगदी शेवटी, एकदाच तो बोलला.

"शेजारचा माणूस बघून घ्या."

यात्रा सोमनाथलाच मोडली. घरी आल्यावर आठवडाभर काही नाही. भाऊ म्हणत, धक्का होता, ओसरेल. मग एका रात्री त्यांना जाग आली तर मंदाबाई खाटेवर बसलेल्या. पायात चपला. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यात एक लुगडं अन् फणी. म्हणाल्या, "गाडी आली का?" दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री तेच. डॉक्टर झाला, गोळ्या झाल्या. मी स्वतः दोन रात्री त्यांच्या ओट्यावर झोपलो. मला काही ऐकू आलं नाही. पण कुत्री... आमच्या गल्लीतली कुत्री त्या दिवसांत त्यांच्या दारावरून जात नव्हती. वळसा घालून जायची.

शेवटी भाऊंनी ठरवलं, पोराच्या आईच्या पाया पडून येऊ. तिने माफ केलं तर सुटेल. दोघं एसटीने धुळ्याला गेले, तिथून साक्री, तिथून पुढे जीपने. डोंगराच्या उतारावर दोन खोल्यांचं घर. आई एकटीच. वर्ण काळासावळा, हात राबून राठ झालेले. भाऊंना वाटलं होतं, ती रडेल, शिव्या देईल. तिने चटई टाकली. पाणी दिलं. मंदाबाईंकडे बघून म्हणाली, "तूच का व माय ती अक्का?"

मंदाबाईंनी मान हलवली.

बाईचा चेहरा उजळला. भाऊ म्हणाले, ते बघवत नव्हतं.

"मना पोऱ्याना फोन येस रातले," ती म्हणाली. "म्हनस, माय, बठ्ठा उतरनात. एक अक्का बाकी शे. तिले उतारी देसू नि घर येसू."

कळलं ना? पोराचा रात्री फोन येतो अन् म्हणतो, सगळे उतरले, एक अक्का राहिली आहे. तिला उतरवतो अन् घरी येतो. फोन तर त्याच्या खिशातच होता, त्याच्याबरोबर पाण्यात गेलेला.

त्या बाईने मंदाबाईंचा हात हातात घेतला. राग नाही, काही नाही. लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "कधी उतरशी व माय?"

मंदाबाई भाऊंकडे बघत म्हणाल्या, "उतरते बाई. यायनं हात सोडला की उतरते."

परतीच्या वाटेवर भाऊंनी त्यांचं मनगट धरूनच ठेवलं.

तेव्हापासून भाऊंनी त्यांना एकटं सोडलं नाही. विहिरीवर सोबत, दुकानात सोबत, झोपताना पदर मनगटाला. शेतातली लाइट तेव्हा रात्रीची होती. मोटार चालू करायला जावंच लागे. केळी पाण्याशिवाय ऐकत नाही. भाऊ त्यांना बरोबर घेऊन जायचे.

पुढची अमावास्या बुधवारी आली. एकोणतीस जानेवारी. मी त्या रात्री जळगावला होतो. नसतो तर... जाऊ द्या.

दहा वाजले असतील. भाऊंनी मोटार सुरू केली. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात मंदाबाईंचा हात. बागेतून निघाले. दोन्ही बाजूंनी केळी, वाळलेली पानं अंगाला घासताहेत. वारा नव्हता. तरी पानं वाजत होती.

बांधावर आले अन् थांबले.

समोरच्या गाडरस्त्यावर उजेड.

मोठी गाडी उभी होती. त्या रस्त्याला बैलगाडी जेमतेम जाते. तरी गाडी होती. काचा धुरकट. पाणी गळत होतं तिच्यातून. टप... टप... दार उघडं.

मागे विहिरीवरच्या मोटारीचा आवाज बंद पडला.

"अक्का... या."

भाऊंनी डोळे मिटले. हात घट्ट धरला.

"हात सोडा," मंदाबाई म्हणाल्या. अगदी शांत.

"नाही."

"त्याची माय वाट पाहते."

"नाही, मंदा."

"सोडा हो..."

भाऊंनी बॅटरी काखेत दाबली. दोन्ही हातांनी धरलं. खडकावर धरलं होतं तसंच. किती वेळ गेला, त्यांना माहीत नाही. हाताला ओढ लागत होती. आधी थोडी. मग खूप. मग...

मग ओढ थांबली.

दार लागल्याचा आवाज. उजेड गेला. अंधार.

भाऊंना वाटलं, आपण जिंकलो. हात हातातच होता. ते हसले, पोरांनो. मला सांगताना त्यांनी हे लपवलं नाही. ते हसले.

तेव्हा अंधारातून, अगदी कानाशी, आवाज आला.

"शेजारचा माणूस बघून घ्या..."

भाऊंनी बॅटरी वळवली.

मंदाबाई बांधाखाली मातीत पडल्या होत्या. डोळे उघडे. केस ओले, चेहऱ्याला चिकटलेले. नाकातोंडातून पाणी येत होतं. येतच होतं. जमीन कोरडी. त्या दिवशी त्या बाजूला पाणी सोडलेलंसुद्धा नव्हतं.

हात भाऊंच्या हातात होता. सुटलाच नव्हता.

सरकारी डॉक्टर म्हणाला, बुडून मृत्यू. विहिरीत पडल्या असतील, तुम्ही काढलं असेल. भाऊ हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

दिवस झाल्यावर भाऊ एकटेच साक्रीकडे गेले. ती माउली दारातच बसली होती, रस्त्याकडे तोंड करून. भाऊंनी सांगितलं, अक्का उतरली. तिने ऐकलं. मग म्हणाली, "तरी तो उना नई. आते फोनबी येत नई."

म्हणजे, पोरगा काही आला नाही, अन् आता फोनही येत नाही. एवढंच.

भाऊ अजून आहेत. बाग आहे. पण बांधाखालच्या त्या जागेवर केळ लागत नाही. गवतही नाही. भाऊंनी दोनदा तिथली माती कमरेएवढी खणून काढली, तापीचा गाळ आणून भरला. मी स्वतः पाट्या वाहिल्या. चार दिवस जमीन काळी राहते. मग एका सकाळी परत पांढरी फुटते. एक बाईमाणूस कुशीवर निजेल एवढीच जागा. मी त्यातली चिमूटभर जिभेला लावून पाहिली.

मीठ आहे.